हाड गेलं कुठं?

हा भाग मुळात ठरलेला नव्हता. या आठवड्यात दुसराच विषय घ्यायचा होता, त्याची टिपणंही तयार होती. पण मधे आईचा एक्स-रे आला आणि मी तीन आठवडे भलतंच वाचत बसले. तेव्हा आज त्यावरच बोलते. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित मजकूर, बोलताना झालेले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ थोडे कमी करून.

माझ्या आईचा उजवा खुबा ११ वर्षांपूर्वी बदलला. संधिवातानं सांधा पार झिजला होता. ऑपरेशन उत्तम झालं. सहा आठवड्यांत काठी सुटली, आणि त्यानंतर रोज पहाटे चार किलोमीटर चालणं, हे तिचं व्रतच. निवृत्त शिक्षिका आहे, नाशिकला राहते, तासाला उशीर केलेला तिला अजून चालत नाही.

तर यंदाच्या तपासणीला एक्स-रे काढला. सळी पांढरीशुभ्र दिसत होती, ट्यूबलाइटसारखी. पण तिच्या वरच्या टोकापाशी, मांडीच्या आतल्या बाजूला, हाड फिकट होतं. राखाडी, पातळ, पुसट. तिथल्या एका तरुण डॉक्टरांनी पेनाचं टोक ठेवून सहज म्हटलं, “इथलं हाड जरा गेलंय.” आणि ते पुढच्या पेशंटकडे गेले.

रिक्षात आई गप्प होती. गंगापूर नाक्यापाशी आल्यावर म्हणाली, “गेलंय म्हणजे कुठं गेलं गं?”

मला उत्तर माहीत नव्हतं. आणि दुसऱ्या दिवसापासून आईनं पहाटेचं चालणं बंद केलं. का? तर उरलेलं हाड जपायला हवं म्हणून.

मी शोधायला लागले तेव्हा कळलं की हाच प्रश्न जगभरातल्या सर्जननी पन्नासेक वर्षं स्वतःला विचारलाय. आणि त्याचं उत्तर एकदा साफ चुकलंय. चुकलं ते आळशी लोकांचं नाही, त्या काळातल्या सगळ्यात हुशार लोकांचं. त्या चुकीपायी हजारो लोकांच्या मांडीत वेगळीच सळी गेली. ती गोष्ट सांगते.

सुरुवात करायची ती झुरिकहून, साल १८६६. तिथं हर्मान फॉन मायर नावाचे शरीररचनेचे प्राध्यापक होते. त्यांनी मांडीच्या हाडाचं वरचं टोक उभं कापून ठेवलं होतं. तुम्ही नळी फोडली असेल, मटण खाणारे असाल तर, तर तुम्हाला ठाऊक असेल की हाडाचं टोक आतून भरीव नसतं. बारीक जाळी असते. मायर यांच्या लक्षात आलं होतं की ही जाळी कशीही पसरलेली नाही, तिच्या रेघांना वळण आहे. योगायोगानं ते काप कार्ल कुल्मान यांनी पाहिले. कुल्मान डॉक्टर नव्हते, इंजिनिअर होते. पूल आणि क्रेन यांच्यात ताण कुठून कुठे वाहतो, त्याच्या रेघा कागदावर काढायला शिकवायचे. वाकड्या मानेच्या क्रेनमध्ये ते ज्या रेघा काढत, जवळजवळ तशाच त्या हाडात होत्या.

म्हणजे जिथून भार जातो, तिथं हाड. जिथून जात नाही, तिथं पोकळी.

पुढे बर्लिनचे सर्जन युलियस वोल्फ यांनी ही कल्पना पुढे नेली आणि १८९२ साली त्यावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की ही रचना जन्मतः घालून दिलेली नाही. भार बदला, हाड स्वतःला बदलेल. वोल्फ यांचं गणित पुढे बऱ्याच जणांनी खोडून काढलं, पण मुख्य मुद्दा टिकला. टेनिस खेळणाऱ्यांच्या खेळत्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं. आणि अंतराळवीर वजनरहित अवस्थेत राहतात तेव्हा त्यांच्या खुब्यातलं हाड महिन्याला साधारण एक ते दीड टक्का कमी होतं. खाणंपिणं व्यवस्थित, गोळ्या चालू, तरीही. शरीराचा हिशेब चोख आहे: काम नसेल तर माल कशाला साठवायचा?

आपल्याला वाटतं हाड म्हणजे भिंत. खिळा ठोका, फोटो टांगा, विषय संपला. हाड भिंत नाहीये. हाडात एकीकडे खोदणाऱ्या पेशी असतात आणि मागोमाग भरणाऱ्या पेशी असतात, रस्त्याच्या कामासारखं, आयुष्यभर चालू. कुठं खोदायचं आणि कुठं भरायचं हे ठरतं बरंचसं तिथं येणाऱ्या भारावरून. आणि खुब्यावर भार किती येतो? साधं चालताना शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट. आई साठ किलोची आहे. म्हणजे प्रत्येक पावलाला दीडशे किलोहून जास्त.

यातला मुख्य मुद्दा १८९२ साली छापून आला होता, एवढं लक्षात ठेवा. कारण पुढची साठ-सत्तर वर्षं सांधा बदलू पाहणाऱ्यांचं सगळं लक्ष दुसरीकडेच होतं. ते साहजिकही होतं, कारण त्यांचे सांधे टिकतच नव्हते. बोस्टनमध्ये १९२३ साली स्मिथ-पीटरसन यांनी चक्क काचेची टोपी बसवून पाहिली. ती फुटायची. मग धातूच्या टोप्या आल्या. पॅरिसच्या ज्युडे बंधूंनी १९४६ पासून अॅक्रिलिक प्लॅस्टिकचे चेंडू बसवले. ते झिजायचे, तुटायचे, आणि कुरकुरायचे.

या कुरकुरण्यातूनच खरी गोष्ट सुरू होते. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली नावाच्या सर्जनकडे असा एक रुग्ण आला होता, ज्याचा प्लॅस्टिकचा खुबा इतका वाजायचा की त्याच्या बायकोला त्याच्यासोबत जेवायला बसणं नकोसं व्हायचं. दुसरा कुणी हसून सोडून देता. चार्नली मात्र विचार करत बसले: आवाज येतोय म्हणजे घर्षण आहे. घर्षण आहे म्हणजे सळीला दर पावलाला पीळ बसतोय. मग ती ढिली होणारच.

चार्नली लँकेशायरमधले, बरी गावचे. विगनजवळ राइटिंग्टन नावाचं क्षयरोग्यांचं जुनं इस्पितळ होतं, तिथं त्यांनी खुब्याचं केंद्र थाटलं. सोबत एक वर्कशॉप. त्यांनी तीन गोष्टी केल्या. चेंडू लहान केला, जेमतेम २२ मिलिमीटरचा, म्हणजे पीळ कमी. सळी हाडात पक्की बसवायला दातांच्या डॉक्टरांकडे वापरतात तसलं अॅक्रिलिक सिमेंट आणलं. आणि वाटीसाठी सगळ्यात निसरडा पदार्थ निवडला: टेफ्लॉन. हो, तोच, नॉन-स्टिक तव्यावरचा.

रुग्ण चालायला लागले. वर्षानुवर्षं खुर्चीत अडकलेली माणसं जिना चढायला लागली. जवळजवळ तीनशे जणांना हा सांधा बसला. आणि मग दोन-तीन वर्षांत एकेक जण परत यायला लागला.

टेफ्लॉन निसरडं होतं, पण टिकाऊ नव्हतं. चेंडू वाटीत खोलखोल रुतत गेला होता आणि झिजलेल्या टेफ्लॉनची पूड सांध्याभोवती साचली होती. त्या पुडीभोवती शरीरानं लोण्यासारखे गोळे तयार केले होते. आणि जिथं जिथं ते गोळे होते, तिथलं हाड खाल्लं गेलं होतं. चार्नलींनी ते सांधे स्वतः परत उघडले, एकेक करून. दुसऱ्या कुणावर ढकललं नाही. यातलं मला सगळ्यात जास्त भिडलं ते पुढचं. हा दोष खरंच पुडीचा आहे का हे बघायला त्यांनी टेफ्लॉनची पूड स्वतःच्या मांडीत टोचून घेतली. काही महिन्यांनी तिथं हाताला लागणाऱ्या गाठी झाल्या. १९६३ साली हे त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये पत्र लिहून सांगितलं, आपल्यासारखीच चूक दुसऱ्यांनी करू नये म्हणून.

आता हा धागा लक्षात ठेवा. झिजलेली पूड, आणि तिच्यापायी खाल्लं गेलेलं हाड. चार्नलींना हे १९६३ साली माहीत होतं.

टेफ्लॉन गेलं, मग पुढे काय? मे १९६२ मध्ये एक विक्रेता राइटिंग्टनला आला होता. त्याच्याकडे एका नव्या प्लॅस्टिकचा नमुना होता: अतिशय लांब साखळ्यांचं पॉलिथिलीन. कापड गिरण्यांतल्या मागांचे गिअर त्याचे बनायचे. आपल्या गिरणगावात जी यंत्रं आली ती बरीचशी ज्या लँकेशायरमधून, त्याच लँकेशायरच्या गिरण्यांतलं हे प्लॅस्टिक. चार्नलींनी नमुन्यात नख रुतवून पाहिलं आणि नको म्हणाले. पण वर्कशॉप सांभाळणारे हॅरी क्रेव्हन यांनी चार्नली परदेशी गेलेले असताना तो तुकडा झिजवण्याच्या यंत्राला लावला. टेफ्लॉन एका दिवसात जितकं झिजायचं, तितकंही हे तीन आठवड्यांत झिजलं नाही. नोव्हेंबर १९६२ पासून तीच वाटी रुग्णांना बसायला लागली. आज तुमच्या आजीच्या, काकांच्या खुब्यात बहुतेक वेळा जे प्लॅस्टिक असतं ते याचंच वंशज. हॅरी क्रेव्हन यांचं नाव फार कुणाला ठाऊक नसतं, म्हणून मुद्दाम घेतलं.

इथं सिनेमा असता तर शेवट झाला असता. पण १९७०च्या दशकात एक्स-रेवर नवंच काहीतरी दिसायला लागलं. दहा-दहा वर्षं छान चालणाऱ्या रुग्णांच्या हाडात, सिमेंटच्या कडेनं, काळी भोकं. गोल, खरवडल्यासारख्या कडांची, आणि दर एक्स-रेला मोठी होत जाणारी. आधी भीती वाटली कॅन्सरची. मग जंतुसंसर्गाची. बोस्टनच्या विल्यम हॅरिस यांनी १९७६ मध्ये अशा रुग्णांची हकीकत लिहिली. यात ना गाठ होती, ना जंतू. मग हाड खातंय कोण?

भोकांतला मऊ भाग काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. त्यात मॅक्रोफेज पेशींची गर्दी, म्हणजे शरीरातले सफाई कामगार. आणि त्यांच्या पोटात, आजूबाजूला, सिमेंटचे कण. सिमेंट दिसलं. मग गुन्हेगारही तेच. या विकाराला नावच पडलं ‘सिमेंटचा आजार’.

चोरी झाली, घरात अनोळखी माणूस दिसला, त्याला धरला. पण खरा चोर दिसतच नव्हता. झिजलेल्या पॉलिथिलीनचे बहुतेक कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतात. साध्या सूक्ष्मदर्शकात ते दिसत नाहीत. जर्मन सर्जन हान्स विलर्ट आणि त्यांचे सहकारी सेमलिच यांनी १९७७ सालीच लिहिलं होतं की झिजलेल्या कणांना, प्लॅस्टिकच्याही, शरीर कसं उत्तर देतं. चार्नलींच्या मांडीतल्या गाठी तर त्याआधीच्या. पण सिमेंट डोळ्यांना दिसत होतं, आणि डोळ्यांपुढे फार जणांचं चालत नाही. माझंही चाललं नाही. आईच्या एक्स-रेवर फिकट डाग पाहिला तेव्हा माझ्याही मनात आधी ‘काहीतरी खातंय’ हेच आलं होतं.

सिमेंट दोषी ठरलं, तर उपाय सरळच. सिमेंट काढून टाका.

मग १९८०च्या दशकात सिमेंटशिवायच्या सळ्यांची लाट आली. धातूच्या पृष्ठभागावर बारीक मणी बसवायचे, मण्यांच्या फटींत हाड वाढेल आणि सळीला धरेल, अशी कल्पना. हाड खरंच वाढलं! अमेरिकेत चार्ल्स एंग यांनी अशा सळ्या मोठ्या प्रमाणात बसवल्या आणि आपल्या रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. सळी हाडात ठासून बसावी म्हणून ती लांब आणि जाड असायची, कोबाल्ट-क्रोमची.

झालं काय, तर दोन गोष्टी झाल्या. पहिली, काळी भोकं परत आली. सिमेंटचा कणही नसलेल्या सांध्यांत! म्हणजे सिमेंटचा आजार सिमेंटचा नव्हताच. त्यानंतर प्लॅस्टिकच्या पुडीकडे सगळ्यांचं नीट लक्ष गेलं. सफाई कामगार पेशी ती पूड गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्या सारख्या धोक्याचे इशारे सोडत राहतात, आणि ते इशारे ऐकून हाड खोदणाऱ्या पेशी कामाला लागतात. पूड हाड खात नाही. पूड पाहून बिथरलेलं शरीरच ते खातं.

दुसरी गोष्ट मला जास्त विलक्षण वाटते. मांडीच्या हाडाचं वरचं टोक फिकं पडायला लागलं. भोक नाही, कडा नाही. नुसतं पुसट, पातळ, जुनं धोतर विरतं तसं. आणि हे कुणाला झालं? ज्यांची सळी ढिली होती त्यांना नाही. ज्यांची सळी सगळ्यात घट्ट बसली होती, ज्यांना काडीचा त्रास नव्हता, त्यांना जास्त. आणि बारीक सळीवाल्यांपेक्षा जाड सळीवाल्यांना कितीतरी जास्त.

इथं झुरिकची क्रेन आठवा. आधी भार चेंडूतून हाडात यायचा आणि हाडाच्या जाळीतून खाली जायचा. आता मधे एक सळी आहे, जिचा धातू हाडापेक्षा दहापटीहून जास्त कडक. शिवाय गोल दांड्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. म्हणजे १२ ऐवजी १८ मिलिमीटरची सळी घातली तर ती दीडपट नाही, पाचपट कडक होते. भार बिचारा सोपी वाट धरतो. तो चेंडूतून सळीत शिरतो, सळीतून थेट खाली जातो, आणि टोकापाशी हाडात उतरतो.

एक्सप्रेसवे झाल्यावर जुन्या हायवेवरच्या ढाब्यांचं काय झालं, ते आपण बघितलंय. कुणी पाडले नाहीत ते. गिऱ्हाईकच वरून निघून गेलं. आणि एक्सप्रेसवे जिथं संपतो तिथं मात्र हॉटेलांची गर्दी. हाडाचंही अगदी तसंच. सळीच्या वरच्या भागापाशी हाड ओस पडतं आणि खालच्या टोकापाशी जाड होतं. आईच्या एक्स-रेवर खालच्या टोकाशी हाड चांगलं दणकट होतं. मी ते पाहिलं होतं. अर्थ कळला नव्हता.

हाड किती गेलं हे मोजायचं कसं, हाही मोठा प्रश्न होता. साध्या एक्स-रेवर हाड फिकं दिसायला लागतं तोवर तीसेक टक्के खनिज गेलेलं असतं. १९८०च्या दशकाच्या शेवटी डेक्सा यंत्रं आली, तीच ज्यांच्यावर हल्ली बायकांची हाडांची घनता मोजतात. धातूचा भाग गणितातून वगळून आजूबाजूचं हाड मोजायची सोय झाली. सळीभोवतीचे सात विभाग थॉमस ग्रुएन यांनी १९७९ सालीच आखून ठेवले होते. एक नंबर बाहेरून वर, मग खाली, टोकाला वळसा, आणि आतून वर येत सात नंबर. सगळ्यात जास्त हाड जातं ते या सातव्या विभागातून. डॉक्टरांच्या पेनाचं टोक होतं ना, बरोबर तिथून. पुष्कळ अभ्यासांत हे नुकसान वीस टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त आढळलंय. त्यातलं बहुतेक पहिल्या वर्षभरात होतं. सुरुवातीला माणूस त्या पायावर नीट वजनही देत नसतो, त्याची भर पडते. मग वेग मंदावतो आणि हाड नव्या परिस्थितीत स्थिरावतं.

हे आपल्याला इतकं नेमकं ठाऊक आहे ते काही माणसांमुळे. चार्नलींनी आपल्या रुग्णांना विचारलं होतं, की मृत्यूनंतर तुमचा खुबा आम्हाला तपासायला द्याल का? बरेच जण हो म्हणाले. एंग यांच्याही रुग्णांनी तसंच दिलं. एंग यांच्या गटानं १९९०च्या दशकात अशा दिवंगत रुग्णांची दोन्ही मांडीची हाडं, सळीवालं आणि बिनसळीचं, शेजारी ठेवून मोजली. त्यातून कळलं की ज्यांचं दुसऱ्या पायाचं हाड मुळात विरळ होतं, त्यांचं सळीभोवतीचं हाड जास्त गेलं. वर्षानुवर्षं तो सांधा वापरायचा, जाताना शास्त्राला परत द्यायचा. अशा कुणाचंही नाव आपल्याला माहीत नाही.

मग कडक सळी वाईट, तर मऊ सळी करा, असं तुम्ही म्हणाल. तेही झालं. हाडाइतकीच लवचीक सळी असावी म्हणून १९७०च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये प्लॅस्टिकच्या सळ्या निघाल्या, आत पोलादाचा गाभा असलेल्या. कल्पना किती सुंदर! पण त्या मोठ्या संख्येनं ढिल्या झाल्या. का, ते १९९२ साली नेदरलँड्सच्या रिक हाउस्कस यांनी संगणकावर गणित मांडून दाखवलं. सळी मऊ केली की हाडाला भार मिळतो हे खरं, पण सळी आणि हाड जिथं चिकटतात त्या सांधणीवरचा ताण वाढतो. एकीकडे हाड उपाशी, दुसरीकडे पकड सैल. दोन्ही एकदम मिळत नाही. आजच्या आखूड, निमुळत्या, टायटॅनियमच्या सळ्या म्हणजे या दोहोंमधली तडजोड आहे. टायटॅनियमची कडकपणा कोबाल्ट-क्रोमच्या साधारण निम्मा. हाडापेक्षा तरी तो बराच जास्त.

प्लॅस्टिकच्या पुडीचं मात्र चांगलं झालं. ज्या हॅरिस यांनी १९७६ साली भोकांबद्दल लिहिलं, त्यांनीच एमआयटीच्या लोकांबरोबर काम करून पॉलिथिलीनच्या साखळ्या किरणांनी एकमेकींत गुंफल्या. १९९०च्या दशकाच्या शेवटी हे नवं प्लॅस्टिक बाजारात आलं. झीज इतकी घटली की ती काळी भोकं आता तुलनेनं दुर्मीळ झालीत. मधे प्लॅस्टिकच नको म्हणून धातूवर धातूचे सांधेही निघाले होते. त्यांतल्या एकानं धातूचे कण सोडून इतका उच्छाद मांडला की २०१० साली तो जगभरातून परत बोलवावा लागला. भारतातही हजारो लोकांना बसलेला होता. तो वेगळ्या भागाचा विषय आहे, आणि मी तो करणार आहे.

आता तुम्ही म्हणाल, हे आमच्या आईबापांचं झालं, आमचा काय संबंध? संबंध आहे. आपल्याकडे खुबा बदलणाऱ्यांत तरुण पुष्कळ असतात. स्टेरॉइड, दारू, अपघात, अशा कारणांनी चेंडूचा रक्तपुरवठा तुटतो आणि हाड मरतं. कोविडनंतर स्टेरॉइड घेतलेल्या तरुण रुग्णांत हे दिसल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्येच नोंदवलं. शिवाय कणा आखडणारा अँकिलोसिंग स्पाँडिलायटिस, तोही विशी-तिशीतच पकडतो. तिसाव्या वर्षी बसलेला सांधा एकदा तरी बदलावा लागण्याची शक्यता बरीच. आणि दुसऱ्या वेळी सर्जन पहिलं काय बघतात? सळी रोवायला हाड किती उरलंय. म्हणून ‘दुखत नाही ना, मग हाड फिकं असलं तर असू दे’ हे पंचाहत्तरीच्या माणसाला जितकं चालतं तितकं तुम्हाला चालत नाही. शिवाय पातळ झालेलं हाड पडल्यावर मोडू शकतं, हा धोका सगळ्याच वयात आहे.

तर हाड जाण्याच्या दोन तऱ्हा. एक खाल्लं जाणं, दुसरं बसून राहणं. पहिल्यात कड असते, भोक वाढत जातं, चेंडू वाटीत वर सरकलेला दिसतो, कारण प्लॅस्टिक झिजलेलं असतं. ते वेळेत पकडावं लागतं, कारण दुखायला लागेपर्यंत उशीर झालेला असू शकतो. दुसऱ्यात नुसता फिकटपणा असतो आणि तो काही वर्षांनी थांबतो. एकाच एक्स-रेवर हा फरक कधी कधी कळतच नाही. त्यासाठी जुना एक्स-रे शेजारी धरावा लागतो.

आमच्याकडे ते होते. आई शिक्षिका, म्हणाले ना. कपाटावर पिशवीत सगळी पाकिटं, प्रत्येकावर तिच्या वळणदार अक्षरात तारीख. ऑपरेशननंतरचं, पहिल्या वर्षाचं, तिसऱ्या, सातव्या आणि आताचं. ती घेऊन आम्ही ज्यांनी ऑपरेशन केलं होतं त्या सर्जनकडे गेलो. त्यांनी पाचही फिल्म काचेवर ओळीनं लावल्या आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. तो वेळ फार लांब वाटला.

मग म्हणाले, “मॅडम, हे बघा. हा फिकटपणा तिसऱ्या वर्षीसुद्धा एवढाच होता. तेव्हापासून हललेला नाही. चेंडू वाटीच्या मधोमध आहे. सळी पक्की आहे. पक्की आहे म्हणूनच असं दिसतंय.”

“मग मी चालणं बंद केलंय ते बरोबर ना?” आईनं विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. “कुणी सांगितलं बंद करायला?”

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

त्यांनी डेक्सा करून घ्यायला सांगितलं, कारण तिचं वय बघता बाकीच्या हाडांचीही घनता बघायलाच हवी होती. ती थोडी कमी निघाली. आता व्हिटॅमिन डी आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध चालू आहे. दोन वर्षांनी पुन्हा एक्स-रे. घरी आल्यावर तिनं नव्या पाकिटावर तारीख घातली, आणि खाली कंसात ‘विभाग ७’ असंही लिहिलं. तो सातवा विभाग तिला मीच रिक्षात समजावून सांगितला होता, एक्सप्रेसवे आणि ढाब्यांसकट.

तुमच्या घरी कुणाचा खुबा किंवा गुडघा बदललेला असेल तर एक काम करा. जुन्या फिल्म रद्दीत जाऊ देऊ नका. सीडी असेल तर ती आजच कॉपी करून ठेवा, हल्लीच्या लॅपटॉपला सीडी लावायची सोयही नसते. बसवलेल्या सांध्याचे स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवलेले असतात, त्यांचा फोटो काढून ठेवा. आणि ‘हाड गेलंय’ असं कुणी म्हणालं तर विचारा: कधीपासून, आणि आधीच्या फोटोत किती होतं?

आई परवापासून पुन्हा चालायला जाते. तीन आठवड्यांच्या खाड्यानं पाय भरून आले म्हणून चिडली होती. माझ्यावरच.